मुलाचा ताबा

ठाण्याच्या न्यायालयांत जे शब्द रोज उच्चारले जातात, त्यांत ‘ताबा’ हा फार जुना शब्द आहे. शेताचा ताबा, घराचा ताबा, दुकानाचा ताबा, गहाण पडलेल्या जिनसेचा ताबा, असे त्याचे नाना प्रयोग पक्षकारांच्या कानांवरून गेलेले असतात. याच शब्दाचा आणखी एक प्रयोग न्यायालयांत ऐकूं येतो, आणि तो म्हणजे मुलाचा ताबा. नवराबायको विभक्त झालीं, घटस्फोट झाला, भांडींकुंडीं वांटलीं गेलीं, दागिन्यांची यादी पुरी झाली. पण चार वर्षांचें मूल कांहीं वांटतां येत नाहीं. तें कोणाजवळ राहावें यासाठीं मग अर्ज होतात, प्रत्युत्तरें होतात, शपथपत्रें दाखल होतात, आणि ज्या शब्दानें जमिनीचा तुकडा मागितला जातो त्याच शब्दानें लेंकरूंहि मागितलें जातें. स्टेशनाला लागून वसलेल्या नौपाड्यासारख्या सुशिक्षित, नोकरदार वस्तीला हा प्रश्न आतां परका राहिलेला नाहीं. तो आज ज्या रूपांत उभा आहे त्या रूपापर्यंत कसा आला, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. मूल बापाचें, मग मूल आईचें, आणि अखेर मूल कोणाच्याच मालकीचें नव्हे, अशा तीन पायऱ्यांनीं हा विचार चढत आलेला आहे. तिसऱ्या पायरीवर पाऊल पडलें आहे खरें, परंतु तें अजून स्थिर झालेलें नाहीं.

जमीन आणि मूल यांची तुलना आपल्याकडे इंग्रजी अमलाच्याहि फार पूर्वींची आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत बीज आणि क्षेत्र यांचा मोठा विस्तृत विचार केलेला आढळतो. स्त्री हें क्षेत्र, पुरुष हा बीज पेरणारा, आणि संतति हें पीक. तेव्हां पीक कोणाचें, असा तेथें प्रश्न आहे. बीज श्रेष्ठ खरें, पण दुसऱ्याच्या शेतांत पेरलें तर पीक शेताच्या धन्याचें, असा त्याचा निवाडा. सामान्य विवाहांत क्षेत्राचा धनी आणि बीजाचा धनी एकच असल्यामुळें मुलावर पित्याचें स्वामित्व आहे कीं नाहीं हा वाद उत्पन्न होण्याचें कारणच नव्हतें. याच स्मृतीच्या आठव्या अध्यायांत मात्र आणखी एक तत्त्व सांगितलेलें आहे : अज्ञान बालकाच्या वारशाचें रक्षण, तें वयांत येईपर्यंत अथवा गुरुगृहाहून परत येईपर्यंत, राजानें करावें. पित्याच्या पलीकडे कोणीतरी बालकाचा राखणदार आहे, ही कल्पना अशी आपल्या परंपरेंतहि होती. पुढें न्यायालयांनीं जें अधिकारक्षेत्र आपल्या हातीं घेतलें त्याचें बीज या कल्पनेंत सांपडतें. विभक्त मातापित्यांच्या मुलाचें चित्र तर महाभारताच्या आरंभींच आहे. शंतनूला सोडून गेलेल्या गंगेनें देवव्रताला आपल्याजवळ वाढविलें, त्याचें शिक्षण पुरें केलें, आणि नंतर त्याला पित्याच्या हवालीं केलें. तेथें मुलासाठीं दोघांत भांडण झालें नाहीं, याचें कारण तो निर्णय एकट्या गंगेचाच होता.

ग्रंथांतील धर्म एक आणि लोकांतील चाल दुसरी, हें महाराष्ट्रांत नेहमींच दिसून आलें आहे. उच्चवर्णीय म्हणविणाऱ्या जातींत विवाहबंधन अतूट मानलें जात असलें, तरी बहुसंख्य मराठी समाजांत काडीमोड होती, सोडचिठ्ठी होती, आणि सुटलेल्या अथवा विधवा स्त्रीला पाट लावण्याची मोकळीक होती. एल्फिन्स्टनच्या काळांत आर्थर स्टील यानें दख्खनच्या जातींच्या चालीरीतींचा जो संग्रह केला व जो १८२७ सालीं छापला गेला, त्यांत या व्यवहारांची नोंद आहे. निवाडा जातपंचायत करी. मुलांच्या बाबतींत बहुतेक ठिकाणीं एकच प्रघात असे : अंगावर पिणारें मूल आईबरोबर जाई, आणि जरा मोठें झालें कीं बापाच्या घरीं परत येई. आईनें दुसरें घर केलें, तर मुलें पहिल्या घरचीं. ज्या घरांत चुलत्या, आत्या, आजी अशा पांचसहा बायका नांदत होत्या, तेथें ही व्यवस्था चालून जाई. मुलाच्या मनाचें काय होई, हें मात्र पंचांच्या निवाड्यांत कोठेंच येत नसे.

ठाणें जिल्ह्यांतील मुसलमान समाजाचा कायदा या बाबतींत निराळ्या वाटेनें गेलेला होता. हनफी मताप्रमाणें मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयांत येईपर्यंत त्यांचा सांभाळ आईकडे असतो. त्याला हिजानत म्हणतात. पालकत्वाचा अधिकार, म्हणजे मुलाच्या मालमत्तेसंबंधीं व त्याच्या वतीनें निर्णय घेण्याची सत्ता, ही मात्र बापाकडेच राहते. सांभाळ ही एक गोष्ट आणि पालकत्व ही दुसरी, हा जो भेद या शास्त्रानें शेंकडों वर्षांपूर्वीं केला, तो समजून घेण्यास इतर कायद्यांना विसाव्या शतकापर्यंत थांबावें लागलें.

इंग्रज येथें आले तेव्हां त्यांच्या स्वतःच्या देशांत आईची स्थिति आपल्याकडच्याहूनहि वाईट होती. इंग्लंडच्या जुन्या कायद्याप्रमाणें विवाहांतून झालेल्या मुलावर सर्व अधिकार बापाचा. त्यानें मनांत आणलें तर तो तान्हें मूल आईपासून काढून घेऊं शके, आणि तिला त्याचें तोंड दिसूं न देण्याचाहि त्याला अधिकार होता. १८३६ सालीं कॅरोलाइन नॉर्टन या लेखिकेचे तीन मुलगे तिच्या नवऱ्यानें असेच तिच्यापासून तोडले. तिनें पत्रकें लिहिलीं, पार्लमेंटच्या सभासदांना गांठलें, आणि तिच्या चळवळीमुळें १८३९ मध्यें बालकांच्या सांभाळाचा पहिला कायदा झाला. सात वर्षांखालील मूल आपल्याजवळ मिळावें आणि मोठ्या मुलांना भेटतां यावें, असा अर्ज करण्याची मुभा आईला या कायद्यानें प्रथमच मिळाली. १८७३ मध्यें ही वयोमर्यादा सोळापर्यंत गेली. १८८६ मध्यें बापाच्या मृत्यूनंतर आईला पालकत्व मिळालें. आणि १९२५ मध्यें मुलाचें हित हाच पहिला व सर्वांत मोठा विचार, असें कायद्याच्या अक्षरांत आलें. बापाच्या निरंकुश सत्तेला उतार लागण्यास तेथें श्याऐंशी वर्षें लागलीं.

१८६२ सालीं मुंबईस उच्च न्यायालय स्थापन झालें, तें या प्रवाहाच्या मध्यावर. येथील न्यायाधीशांच्या एका हातीं हिंदु धर्मशास्त्राचीं भाषांतरें होतीं आणि दुसऱ्या हातीं इंग्लंडचे निवाडे होते. दोन्हींकडे बापाचें पारडें जडच होतें. १८५६ च्या विधवापुनर्विवाहाच्या कायद्यानें स्त्रीला पुन्हा लग्न करण्याची मोकळीक दिली, परंतु त्याच्याच तिसऱ्या कलमानें मृत पतीच्या नातलगांना तिच्या मुलांसाठीं दुसरा पालक नेमून मागण्याचा अधिकार दिला. विधवेनें लग्न करावें, पण मूल गमावण्याची भीति मनांत बाळगून करावें, असा त्याचा अर्थ झाला. असें असूनहि व्यवहारांत आया मुलांना वाढवीतच होत्या. पुढें डॉक्टर म्हणून नांवारूपास आलेल्या रखमाबाईंचे वडील त्या लहान असतांनाच वारले. आई जयंतीबाईंनीं डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशीं पुनर्विवाह केला, आणि रखमाबाई आई व सावत्र वडील यांच्याच घरीं वाढल्या. वैवाहिक हक्कांच्या ज्या खटल्यानें १८८४ ते १८८८ या काळांत सारा मुंबई इलाखा हालवून सोडला, त्या खटल्यांत ताठ उभें राहण्याचें बळ त्यांना या घरानेंच दिलें.

दुसरें उदाहरण मराठी वाचकाच्या अधिक परिचयाचें आहे. १८९५ सालीं रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाई त्यांच्यापासून वेगळ्या झाल्या. हा घटस्फोट नव्हता. पण दोन घरें झालीं, मध्यें धर्माची भिंत आली, आणि लहानगा दत्तू आईजवळ राहिला. कायद्यानें मुलावर बापाचाच पहिला अधिकार होता. तो अधिकार बजावून मूल ओढून नेण्याच्या वाटेस टिळक गेले नाहींत, आणि बापाचें नांव मुलाच्या मनांतून पुसून टाकण्याच्या वाटेस लक्ष्मीबाई गेल्या नाहींत. कांहीं वर्षांनीं हें कुटुंब पुन्हा एकत्र आलें. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रें’ या आत्मचरित्रांत त्या ताटातुटीची हकीकत आहे. तें वाचतांना एक गोष्ट ध्यानांत येते : मोठीं माणसें कितीहि दुरावलीं, तरी मुलाला दोघेंहि उरावींत यासाठीं प्रत्येकाला आपला कांहीं तरी हक्क हातांतला सोडून द्यावा लागतो.

सबंध देशासाठीं या विषयाचा मुख्य कायदा झाला तो १८९० सालीं. पालक व पाल्य यांच्यासंबंधींचा हा कायदा सव्वाशेंहून अधिक वर्षें चालू आहे, आणि त्याच्या पोटांत दोन परस्परविरोधी विचार शेजारीं शेजारीं बसलेले आहेत. सतराव्या कलमाप्रमाणें पालक नेमतांना मुलाचें हित पाहावयाचें. मूल समजूतदार असेल तर त्याची इच्छाहि ध्यानांत घ्यावयाची. एकोणिसावें कलम मात्र सांगत होतें कीं, बाप हयात असेल आणि तो नालायक ठरला नसेल, तर न्यायालयानें दुसरा पालक नेमूंच नये. या एकोणिसाव्या कलमांत बापाबरोबर आईचेंहि नांव घालण्यास २०१० साल उजाडावें लागलें. बापाचा हक्क म्हणजे नेमकें काय, याचें उत्तम विवेचन १९१४ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें केलें. मद्रासकडील नारायणय्या यांनीं आपले दोन मुलगे ॲनी बेझंटबाईंच्या स्वाधीन केले होते. त्यांतला एक म्हणजे पुढें तत्त्वचिंतक म्हणून जगभर कीर्ति मिळविलेले जे. कृष्णमूर्ति. बापानें पुढें विचार बदलला आणि मुलें परत मागितलीं. पालकत्व हा एक पवित्र विश्वास आहे, तें दान देऊन टाकतां येत नाहीं आणि बाप आपली संमति परत घेऊं शकतो, असें कौन्सिलनें सांगितलें. परंतु मुलांच्या हिताचा आणि इच्छेचा विचार न करतां त्यांना हालवितां येणार नाहीं, असेंहि त्याबरोबर सांगितलें. हक्क म्हणजे विश्वास, आणि विश्वास हा ज्याच्या हितासाठीं ठेवावयाचा त्याच्याच मापानें मोजावयाचा, ही दृष्टि येथून रूढ होऊं लागली.

याच कायद्यांतील नववें कलम ठाण्याच्या दृष्टीनें फार महत्त्वाचें आहे. मूल सामान्यतः जेथें राहतें, तेथील जिल्हा न्यायालयांत अर्ज करावयाचा, असा त्याचा दंडक आहे. संसार मोडला म्हणजे मराठी स्त्री बहुधा माहेरीं येते. माहेर नौपाड्यांत असेल, तर मूल नौपाड्याच्या शाळेंत जाऊं लागतें, आणि पुण्यांत, नाशकांत किंवा मुंबईच्या दुसऱ्या टोंकाला राहणाऱ्या बापाला आपल्या अर्जासाठीं ठाण्याची वाट धरावी लागते. म्हणून अशा वादांत पहिला झगडा पुष्कळदां मुलाच्या हिताविषयीं नसतोच; मूल सामान्यतः कोठें राहत होतें, याविषयीं तो असतो. यामुळें दोघांपैकीं जो आधीं मुलाला घेऊन निघतो, त्याच्या बाजूला भूगोल उभा राहतो.

मुंबई उच्च न्यायालयानें सरस्वतीबाई वेद यांच्या खटल्यांत जो निर्णय दिला, आणि जो १९४१ च्या निर्णयसंग्रहांत छापला गेला, तो या इतिहासांतील वळणाचा दगड आहे. पाहावयाचें तें बापाचें हित नव्हे आणि आईचेंहि हित नव्हे; मुलाचें, आणि केवळ मुलाचेंच हित पाहावयाचें, असें न्यायालयानें निःसंदिग्ध शब्दांत सांगितलें; आणि कोवळ्या वयाच्या मुलाला आईची जागा भरून काढणारें दुसरें कोणी मिळणें कठीण, म्हणून आईच्या बाजूनें कौल दिला. पुढील साठसत्तर वर्षें देशभरच्या न्यायालयांनीं या निर्णयाचा आधार घेतला. या एकाच निर्णयांत दोन धागे होते, हें मात्र विसरतां कामा नये. मुलाचें हित हा एक धागा. लहान मुलाचें हित आईजवळच असतें हा दुसरा. पहिलें तत्त्व होतें आणि दुसरा अनुभवाचा अंदाज होता. पुढें हे दोन्ही धागे एकमेकांत इतके पिळले गेले कीं, अंदाजालाच तत्त्वाचें वजन आलें.

घटस्फोटाचा दरवाजा हिंदूंना कायद्यानें उघडा होऊं लागला तो याच सुमारास. बडोदें संस्थानांत सयाजीराव गायकवाडांनीं १९३१ सालीं तसा कायदा केला होता. मुंबई प्रांतानें १९४७ मध्यें केला. आणि १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें ती सोय सर्व देशभर झाली. त्याच्या सव्विसाव्या कलमानें घटस्फोटाच्या दाव्यांतच मुलांचा सांभाळ, पोषण आणि शिक्षण यांविषयीं हुकूम करण्याचा अधिकार न्यायालयाला दिला. पुढच्याच वर्षीं, १९५६ मध्यें, अज्ञानत्व व पालकत्व यांचा कायदा आला. त्याचें सहावें कलम म्हणतें कीं, हिंदु मुलाचा नैसर्गिक पालक बाप आणि त्याच्यानंतर आई. परंतु पांच वर्षें पुरीं न झालेलें मूल सामान्यतः आईजवळ असावें. तेरावें कलम म्हणतें कीं, मुलाचें हित सर्वांत मोठें. अशा रीतीनें पित्याला पदवी मिळाली, मातेला मूल मिळालें, आणि मुलाच्या वांट्याला एक तत्त्व आलें.

‘बापानंतर आई’ या शब्दांचें काय करावयाचें, हा प्रश्न पुढें दोनदां सर्वोच्च न्यायालयापुढें आला. १९७० सालीं निकालांत निघालेला जिजाबाई गजरे यांचा खटला विदर्भांतील एका जमिनीच्या कुळवहिवाटीचा होता. मातापिता वीस वर्षांहून अधिक काळ विभक्त होते. बाप मुलीकडे फिरकलाहि नव्हता. मुलीचें संगोपन आणि तिच्या जमिनीची व्यवस्था आईच पाहत होती. तेव्हां बाप हयात असला तरी नसल्यासारखाच होय, आणि आईनें मुलीच्या वतीनें केलेला व्यवहार वैध होय, असें न्यायालयानें ठरविलें. दुसरा प्रसंग लेखिका गीता हरिहरन यांचा. १९८४ मध्यें आपल्या मुलाच्या नांवें रोखे घेतांना पालक म्हणून आईनें केलेली सही रिझर्व्ह बँकेनें मान्य केली नाहीं. १९९९ च्या निर्णयांत न्यायालयानें ‘नंतर’ या शब्दाचा अर्थ ‘मृत्यूनंतर’ असा न घेतां ‘अभावीं’ असा घेतला. बाप जेथें लक्ष घालीत नाहीं तेथें आईच नैसर्गिक पालक, हें यामुळें पक्कें झालें.

येथपर्यंतचा इतिहास आईला न्याय मिळत गेल्याचा आहे, आणि त्याबद्दल कोणीहि समाधानच मानील. परंतु या न्यायाच्या सांवलींत एक नवी अडचण वाढत होती. लहान मूल आईजवळ, हा सामान्य नियम झाला. आणि बाप चांगला असला, मुलावर जीव टाकणारा असला, तरी घटस्फोटानंतर त्याच्या वांट्याला उरली ती भेट. पंधरवड्यांतून एकदां, दोन तास, पुष्कळदां न्यायालयाच्याच आवारांत. कुटुंब न्यायालयांचा कायदा १९८४ मध्यें झाला, १९८९ मध्यें पुण्यास आणि मुंबईस अशीं न्यायालयें उघडलीं, पुढें ठाण्यालाहि तें आलें. तेथें समुपदेशक असतात, मुलांसाठीं खेळणीं मांडलेली खोली असते. तरीहि एखाद्या बापाला आपल्या पांच वर्षांच्या मुलीशीं घड्याळाकडे पाहत खेळावें लागतें. ज्याला कायदा अजून नैसर्गिक पालक म्हणतो, त्याला शाळेच्या प्रगतिपुस्तकावर सही करण्याची संधि मिळत नाहीं. पोषणाचा खर्च त्यानें द्यावा हें रास्तच आहे. पण पैसा पोंचतो आणि माणूस पोंचत नाहीं, अशी ही स्थिति आहे.

या स्थितींत सर्वांत घातुक भाग असेल तर तो काळाचा. मोठ्या माणसाला खटल्याचीं तीन वर्षें लांबलेलीं वाटतात. चार वर्षांच्या मुलाला तीं जवळजवळ सारें आयुष्य असतात. दावा दाखल होतो तेव्हां तात्पुरता हुकूम होतो. मूल ज्याच्याजवळ आहे त्याच्याजवळ राहूं द्यावें, असें न्यायालयाला स्वाभाविकपणेंच वाटतें. तारखा पडत जातात. मूल शाळेंत जाऊं लागतें, मित्र मिळतात, घराची संवय होते. अंतिम निकालाची वेळ येते तेव्हां बसलेलें मूल उठविणें त्याच्या हिताचें नव्हे, हा युक्तिवाद बिनतोड ठरतो. कारण तोपर्यंत तो खराच झालेला असतो. तात्पुरती व्यवस्था अशी आपोआप कायम होऊन बसते. या मुदतींत मुलाच्या कानीं दुसऱ्याविषयीं कडू बोल पडत राहिले, तर मूल स्वतःच न्यायाधीशांपुढें सांगतें कीं, मला बाबांना भेटावयाचें नाहीं, किंवा मला आईकडे जावयाचें नाहीं. २०१७ च्या एका निर्णयांत सर्वोच्च न्यायालयानें या पढविण्याच्या प्रकाराची गंभीर दखल घेतली. हा दोष केवळ आयांचा नाहीं. मूल ज्याच्या हातीं तो त्याला बळी पडतो, आणि बापाच्या घरीं राहिलेल्या मुलांना आयाहि अशाच परक्या झालेल्या आहेत.

संयुक्त सांभाळाची कल्पना यांतून पुढें आली. तिचा अर्थ मुलाच्या दिवसांची काटेकोर निम्मी वांटणी असा करण्याचें कारण नाहीं. शाळा, औषधपाणी, धर्मसंस्कार, परगांवीं जाणें, या मोठ्या निर्णयांत दोघांचा अधिकार सारखा. आणि राहण्याचे दिवस मुलाच्या वयाप्रमाणें, शाळेप्रमाणें, दोन्ही घरांच्या अंतराप्रमाणें ठरविलेले, असें तिचें खरें स्वरूप आहे. कर्नाटक उच्च न्यायालयानें २०१३ सालीं एका बारा वर्षांच्या मुलाच्या बाबतींत वर्षाचे सहा महिने बापाजवळ आणि सहा महिने आईजवळ अशी व्यवस्था करून दिली. मे २०१५ मध्यें विधि आयोगानें आपल्या २५७ व्या अहवालांत आईबापांना पालकत्वांत समान स्थान द्यावें, आणि संयुक्त सांभाळाला कायद्यांत जागा करून द्यावी, अशी शिफारस केली. या आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ति अजित प्रकाश शहा हे मूळचे सोलापूरचे आणि मुंबई उच्च न्यायालयांत न्यायाधीश राहिलेले. अहवालाला दहा वर्षें लोटलीं, तरी ती शिफारस कायद्याच्या अक्षरांत उतरलेली नाहीं. न्यायालयें मात्र पुढें सरकलीं. २०२० च्या एका निर्णयांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, दोन्ही मातापित्यांचें प्रेम मिळणें हा मुलाचा हक्क आहे. एकाकडे सांभाळ दिला तरी दुसऱ्याला पुरेशी भेट, आणि तो दूर असेल तर दूरध्वनीवरून व चलच्चित्र संभाषणानें नित्य संपर्क, यांची तरतूद झालीच पाहिजे.

मात्र ज्या देशांनीं हा प्रयोग आधीं केला, त्यांचा अनुभव सावधगिरीचा आहे. ऑस्ट्रेलियानें २००६ सालीं मातापित्यांची समान जबाबदारी हें गृहीत तत्त्व म्हणून कायद्यांत घातलें. समान जबाबदारी म्हणजे समान दिवस, असा लोकांचा समज झाला. मुलाचें हित मागें पडून पुन्हा मोठ्यांच्याच हक्कांचा हिशेब सुरू झाला. आणि ज्या घरांत मारहाण होती तेथील स्त्रियांना व मुलांना त्याच माणसाशीं बांधून घालण्याचें भय उत्पन्न झालें. २०२३ च्या दुरुस्तीनें तें गृहीतक काढून टाकण्यांत आलें, आणि २०२४ च्या मे महिन्यापासून ही दुरुस्ती अमलांत आली. आपल्याकडील स्त्रिया जेव्हां म्हणतात कीं, संसारांत ज्या बापानें मुलाची आंघोळ एकदांहि घातली नाहीं, तो घटस्फोटानंतर निम्मे दिवस मागतो तो पोटगी कमी करण्यासाठीं, तेव्हां तें बोलणें सर्वस्वीं खोटें म्हणून झिडकारतां येत नाहीं. तसेंच, तान्ह्या मुलासाठीं आईच्या जवळिकीला खरोखरच तोड नाहीं. गोव्यांतून वर गेलेल्या एका खटल्यांत २०१५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पांच वर्षांखालील मुलाविषयींचा नियम पुन्हा अधोरेखित केला, आणि आई अयोग्य आहे हें सिद्ध करण्याचा भार बापावर टाकला.

तेव्हां संयुक्त सांभाळ हा सर्वांसाठीं एकच सांचा होऊं शकत नाहीं. तो चालतो कोठें, हें पाहावयाचें तर नौपाड्यासारख्या वस्तीची रचना डोळ्यांसमोर आणावी. गोखले रस्ता, राम मारुती रस्ता, घंटाळी, सारें पायीं फिरण्याच्या टप्प्यांतलें. आई एका गल्लींत आणि बाप दुसऱ्या गल्लींत राहिला, तर मुलाची शाळा बदलत नाहीं, मित्र बदलत नाहींत, संध्याकाळचें मैदान बदलत नाहीं. एका घरून दुसऱ्या घरीं जाण्यास दहा मिनिटें पुरतात. डोंबिवली किंवा कल्याण मध्यें आलें, कीं त्यांत गाडीची गर्दी मिळते. तरी शनिवार-रविवार साधतात. तेंच एक घर परदेशीं गेलें म्हणजे सारा हिशेब कोलमडतो. घरांचें स्वरूपहि बदललें आहे. ज्या काळीं नियम ठरले त्या काळीं आई घरांत आणि बाप कचेरींत होता. आज दोघेंहि सकाळची गाडी पकडतात, आणि दिवसभर मूल आजीआजोबांजवळ किंवा पाळणाघरांत असतें. नोकरी करणाऱ्या आईला सारा भार एकटीनें वाहणें जड जातें, आणि भात शिजविण्यापासून गृहपाठ घेण्यापर्यंत सर्व येणारा बापहि आतां दुर्मिळ नाहीं. संयुक्त सांभाळाची मागणी केवळ बापांच्या हक्काची मागणी नव्हे. योग्य घरांत ती आईच्या विसाव्याचीहि सोय आहे. दोन घरांतलें अंतर, मुलाचें वय, संसारांत कोणी प्रत्यक्ष काय केलें याचा पुरावा, आणि मारहाणीचा लवलेशहि नसणें, या चार गोष्टी न्यायालयानें आधीं पाहाव्या. आणि त्या पाहण्यास वर्षें न लावतां महिने लावावे. दिरंगाई टळली, तर निम्मा वाद आपोआप शमेल.

इंग्लंडनें १९८९ च्या बालककायद्यांत ताबा या अर्थाचा जुना शब्दच टाकून दिला, आणि मुलानें राहावें कोठें, भेटावें कोणाला व जबाबदारी कोणाची, असे साधे प्रश्न त्याच्या जागीं ठेवले. मराठी भाषेला त्यासाठीं नवा शब्द घडविण्याचीहि आवश्यकता नाहीं. मुलाला कोण सांभाळतें, असेंच घरोघर विचारलें जातें. कोणाच्या ताब्यांत आहे, असें कोणी विचारीत नाहीं. ताबा एकाकडे गेला कीं दुसऱ्याचा सुटतो. सांभाळ दोघांना करतां येतो, आजीला करतां येतो, मामाला करतां येतो. बीज आणि क्षेत्र यांच्या वादापासून निघालेला हा विचार बापाच्या सत्तेवरून आईच्या अधिकारावर आणि तेथून मुलाच्या हितावर आला, त्याला हजारों वर्षें लागलीं. ठाण्याच्या न्यायालयांत उद्यां जें चार वर्षांचें मूल कोणाचें तरी बोट धरून येईल, त्याला इतका वेळ देतां येणार नाहीं.